लॅक्स्टन : खुल्या शेतांची पद्धती जपणारे इंग्लंडमधील एक खेडे

प्रस्तावना

इंग्लंडच्या ग्रामीण भागाचे एक ठरावीक चित्र आपल्या मनात असते. हिरव्या कुंपणांनी आखलेली चौकोनी शेते, शेतांच्या मधोमध एकटे उभे असलेले शेतकऱ्याचे घर, दूरवर दिसणारा चर्चचा मनोरा आणि सर्वत्र पसरलेली शांतता हे त्या चित्राचे घटक होत. हे चित्र फार प्राचीन आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः मध्य इंग्लंडच्या मोठ्या भागात ते अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तयार झाले. त्यापूर्वीची भूमिरचना अगदी निराळी होती. तेव्हा शेतांना कुंपणे नव्हती, एका शेतकऱ्याची जमीन एका जागी नव्हती आणि कोणते पीक केव्हा घ्यावे हे एकट्या शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. ही जुनी व्यवस्था तिच्या नियमांसह आणि न्यायसभेसह जेथे आजही चालू आहे, असे खेडे म्हणजे नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन.

लॅक्स्टनविषयी लिहिताना ‘काळ जेथे थांबला आहे असे गाव’ अशा स्वरूपाची वर्णने केली जातात. पर्यटकाला असे वर्णन आवडते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते पुरेसे वाटू नये. येथील व्यवस्था टिकली ती दरवर्षी कोणीतरी बांध तपासले, खुंट्या ठोकल्या, अतिक्रमण करणाऱ्याला दंड केला आणि जमिनीच्या मालकांनी वेगवेगळ्या कारणांनी ती मोडली नाही म्हणून. प्रस्तुत लेखात लॅक्स्टनची भूमिरचना, १६३५ चा प्रसिद्ध नकाशा, कुंपणबंदीच्या काळात या गावाचा झालेला अपवाद आणि आजची स्थिती यांचा परामर्श घेऊन, या टिकून राहण्याचा अर्थ समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

गावाची मांडणी

न्यूअर्क आणि रेटफर्ड या शहरांच्या दरम्यान, शेरवुडच्या प्रसिद्ध जंगलाच्या पूर्वेस लॅक्स्टन वसले आहे. येथील जमीन जड, चिकणमातीची आहे. १०८६ मध्ये सिद्ध झालेल्या ‘डूम्सडे बुक’ या भूमिनोंदीत या गावाचा उल्लेख आहे. गावाच्या उत्तरेस नॉर्मन काळातील किल्ल्याचे अवशेष दिसतात. दगडी बांधकाम आता उरलेले नाही. परंतु मातीचा उंच ढिगारा आणि त्याभोवतीचे खंदक स्पष्टपणे ओळखता येतात. बाराव्या शतकात येथील काक्स घराण्याकडे नॉटिंगहॅमशायर व डर्बीशायरमधील राजाच्या जंगलांची वंशपरंपरागत राखण होती. त्यामुळे आज आडबाजूला वाटणारे हे गाव एके काळी सत्तेचे एक लहानसे केंद्र होते. काक्स घराण्याचा वारसा पुढे एव्हरिंगहॅम घराण्याकडे गेला. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये या घराण्यातील व्यक्तींच्या मध्ययुगीन शयनमूर्ती आहेत आणि त्यांपैकी एक दगडाऐवजी ओक लाकडात कोरलेली आहे.

तथापि, लॅक्स्टनला भेट देणाऱ्या अभ्यासकाने किल्ला आणि चर्च यांच्याइतकेच लक्ष गावाच्या रस्त्याकडे द्यावयास हवे. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांची विटांची घरे आहेत. अनेक घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे असून लांबी मागे गेली आहे. घरामागे अंगण, धान्याची कोठारे, गोठे आणि त्यामागे खाजगी गवताचा लांबट तुकडा असा क्रम आढळतो. इंग्लंडमधील इतर बहुसंख्य खेड्यांत शेतकऱ्यांची घरे गावाबाहेर, त्यांच्या त्यांच्या शेतात असतात. लॅक्स्टनमध्ये ती गावातच का राहिली? याचे उत्तर शेतांच्या रचनेत आहे. ज्याची जमीन गावाच्या चारी दिशांना लहान लहान पट्ट्यांत विखुरलेली आहे, त्याने घर नेमके कोणत्या पट्ट्यात बांधावे? सर्व पट्ट्यांपासून साधारण सारख्याच अंतरावर असलेली जागा एकच, ती म्हणजे गाव. कागदपत्रे न उघडताही गावाच्या मांडणीवरून जुनी शेतव्यवस्था वाचता येते, ती अशी.

गावात आणखी एक वास्तू आहे, जी मराठी वाचकाला परिचयाची वाटेल. ती म्हणजे कोंडवाडा. मोकाट सुटलेली, दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरे येथे आणून कोंडली जात आणि धन्याने दंड भरल्यावर सोडली जात. या कामासाठी गावाने नेमलेला स्वतंत्र अधिकारी असे. कुंपणे नसलेल्या शिवारात कोंडवाड्याचे महत्त्व किती असेल, हे सांगावयास नको.

खुल्या शेतांची रचना

खुल्या शेतांच्या पद्धतीत गावाची लागवडीची जमीन काही मोठ्या शेतांमध्ये विभागलेली असे. लॅक्स्टनमध्ये आज अशी तीन शेते आहेत : पश्चिम शेत, दक्षिण शेत आणि पवनचक्कीचे शेत. पूर्वी पूर्वेकडे आणखी एक शेत होते. येथे ‘शेत’ हा शब्द आपल्या नेहमीच्या अर्थाने घेऊ नये. एकेक शेत म्हणजे शिवाराचा एक मोठा भाग असून त्यात अनेक शेतकऱ्यांचे पट्टे असतात. पट्ट्यांमध्ये कुंपण नसते.

पट्ट्याचे माप मुळात नांगराशी निगडित होते. बैलांची जोत एका दमात जेवढे अंतर नांगर ओढू शकेल ते अंतर २२० यार्ड मानले जाई आणि अशा लांबीचा २२ यार्ड रुंदीचा तुकडा म्हणजे एक एकर. प्रत्यक्षात पट्टे याहून लहान-मोठे असत, कारण जमिनीचा उतार आणि पाण्याचा निचरा पाहून त्यांची दिशा ठरवावी लागे. जड चिकणमातीत निचऱ्याला विशेष महत्त्व होते.

तीन शेतांचे चक्र पुढीलप्रमाणे चालते. पहिल्या वर्षी एका शेतात शरद ऋतूत गहू पेरला जातो. दुसऱ्या वर्षी त्याच शेतात वसंतात पेरावयाचे पीक, उदाहरणार्थ बार्ली किंवा घेवड्याच्या जातीचे कडधान्य, घेतले जाते. तिसऱ्या वर्षी ते शेत पड ठेवले जाते. तीनही शेते या चक्रात एकेका वर्षाच्या अंतराने फिरत असल्यामुळे दरवर्षी गावाकडे एक गव्हाचे, एक वसंत पिकाचे आणि एक पड शेत असते. पूर्वी कापणी झाल्यावर शेत सर्वांच्या जनावरांसाठी खुले केले जाई आणि पड शेतातही चराई चाले. जनावरांच्या खतामुळे जमिनीचा कस टिकत असे. अर्थात, शेजाऱ्याचे पीक उभे असताना एखाद्याने आपल्या पट्ट्यात गुरे सोडली तर सगळेच बिघडणार. म्हणून पेरणी, कापणी आणि चराई यांच्या तारखा सर्वांसाठी एकच असणे अपरिहार्य होते. सामूहिक निर्णय ही या पद्धतीची तांत्रिक गरज होती.

शेतांच्या मध्ये, ओहोळांच्या कडेने, नांगरता न येणारे गवताळ भाग आहेत. त्यांना तेथे ‘साइक’ म्हणतात. या गवतावर गावातील हक्कदारांचा सामाईक अधिकार असून गवताची विक्री करून येणारे उत्पन्न हक्कदारांमध्ये वाटण्याची पद्धत रूढ झाली. शतकानुशतके नांगर आणि रासायनिक खत यांपासून दूर राहिल्यामुळे तेथे रानफुलांच्या ज्या जाती टिकल्या, त्यांमुळे या साइकना वैज्ञानिक महत्त्वाचे क्षेत्र म्हणून संरक्षण मिळाले आहे.

एका शेतकऱ्याची जमीन अशी विखुरलेली का असावी, या प्रश्नावर इतिहासकारांत बरीच चर्चा झाली आहे. चार्ल्स आणि क्रिस्टाबेल ऑर्विन या अभ्यासक दांपत्याने १९३८ मध्ये ‘द ओपन फील्ड्स’ हा ग्रंथ लॅक्स्टनच्या आधारेच लिहिला आणि नांगरणीच्या प्रत्यक्ष कामातून पट्ट्यांची विभागणी निर्माण झाली असे प्रतिपादन केले. जोन थर्स्क यांनी १९६४ मधील आपल्या निबंधात, लोकसंख्येची वाढ आणि वारसांमधील वाटणी यांमधून ही पद्धती हळूहळू घडत गेली अशी मांडणी केली. १९७६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मॅक्क्लॉस्की यांनी वेगळाच मुद्दा पुढे आणला. विखुरलेले पट्टे हा धोका कमी करण्याचा मार्ग होता. अतिवृष्टीत सखल पट्टा बुडाला तरी उंचावरचा हाती लागे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोणतेही एक कारण सर्वत्र लागू पडेल असे दिसत नाही. परंतु या पद्धतीमागे तर्क होता, हे या चर्चेतून निश्चित झाले.

१६३५ चा नकाशा आणि त्याचा धनी

लॅक्स्टनचे अभ्यासक्षेत्र म्हणून असलेले महत्त्व मुख्यतः एका दस्तऐवजामुळे आहे. १६३५ मध्ये मार्क पिअर्स या भूमापकाने गावाची संपूर्ण मोजणी करून मोठा नकाशा तयार केला. आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. नकाशात प्रत्येक पट्टा दाखवला आहे आणि सोबतच्या नोंदवहीत तो कोणाकडे आहे याचा तपशील आहे. नांगरणारे, कापणी करणारे, शिकार करणारे लोक यांची लहान चित्रेही नकाशात काढली आहेत. एका खेड्याची अशी संपूर्ण, पट्ट्यापट्ट्याची नोंद आणि त्याच खेड्यात आजही चालू असलेली तीच पद्धती, असा संयोग अन्यत्र क्वचितच सापडेल.

नकाशाकडे केवळ कुतूहलाने पाहून चालणार नाही. तो कोणी आणि कशासाठी करवून घेतला, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्या वेळी लॅक्स्टनचा जमीनदार सर विल्यम कोर्टन हा होता. फ्लँडर्समधून आश्रयासाठी इंग्लंडमध्ये आलेल्या कुटुंबातील हा लंडनचा व्यापारी रेशीम आणि लिननच्या व्यवहारात गबर झाला होता. त्याने राजाला मोठी कर्जे दिली होती. १६२७ मध्ये बार्बाडोस बेटावर झालेली इंग्रज वसाहत त्याच्याच भांडवलावर उभी राहिली. अशा माणसाच्या दृष्टीने गाव ही एक मिळकत होती. आपल्या मिळकतीत नेमके काय आहे, कोण किती जमीन कसतो आणि खंड किती वाढवता येईल, हे कळण्यासाठी मोजणी आवश्यक होती. लॅक्स्टनच्या शेतकऱ्यांना कोणता पट्टा कोणाचा हे सांगण्यासाठी नकाशाची गरज नव्हती. ती गरज लंडनमध्ये बसलेल्या मालकाची होती.

येथे मराठी वाचकाला अधिक जवळचा असा एक धागा हाती लागतो. ज्या वर्षी हा नकाशा तयार झाला त्याच वर्षी, म्हणजे १६३५ मध्ये, पहिल्या चार्ल्स राजाने कोर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची परवानगी दिली. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी त्यामुळे मोडली गेली आणि कंपनीने जोरदार तक्रारी केल्या. त्याच वर्षाच्या आरंभी सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख मेथवोल्ड आणि गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय यांच्यात तह झाला होता. त्यामुळे इंग्रज जहाजांना गोव्याचे बंदर खुले झाले होते आणि कोर्टनच्या मंडळीने नेमका त्याचा लाभ घेतला. कप्तान जॉन वेडेल याच्या नेतृत्वाखालील त्यांचा काफिला एप्रिल १६३६ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी गोव्यास पोहोचला. प्रवासवर्णनांसाठी प्रसिद्ध असलेला पीटर मंडी याच काफिल्यात होता. पुढे भटकळ आणि कारवार येथे या मंडळीने वखारी घातल्या. कारवार त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होते. कारवारच्या इंग्रज वखारीचा उल्लेख शिवकालीन इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. तिचा आरंभ ईस्ट इंडिया कंपनीने केलेला नसून तिच्या या प्रतिस्पर्धी मंडळीने केला होता.

हा उद्योग यशस्वी झाला नाही. काफिला पाण्यात उतरल्यानंतर काही आठवड्यांतच कोर्टनचा मृत्यू झाला. वेडेल आणि त्याचे जहाज परतीच्या प्रवासात समुद्रात नाहीसे झाले. कोर्टनचा मुलगा कर्जात बुडत गेला आणि शेवटी देश सोडून गेला. मालमत्ता विकल्या गेल्या. लॅक्स्टनही विकले गेले आणि १६४० च्या सुमारास ते पिअरपाँट घराण्याकडे, म्हणजे किंग्स्टनच्या अर्लकडे आले. नॉटिंगहॅमशायरच्या चिकणमातीतील एका खेड्याची मालकी बदलण्यास कोकण आणि कानडा किनाऱ्यावरील फसलेला व्यापार अंशतः कारणीभूत ठरला. सतराव्या शतकातील ‘आडबाजूचे’ इंग्रज खेडे जगाच्या व्यापारापासून वाटते तेवढे दूर नव्हते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कुंपणबंदीचे युग आणि लॅक्स्टनचा अपवाद

खुली शेते मोडून, विखुरलेले पट्टे एकत्र करून, प्रत्येकाच्या वाट्याला एकसलग कुंपण घातलेली जमीन देण्याच्या प्रक्रियेला कुंपणबंदी म्हणतात. सोळाव्या शतकात मेंढपाळीसाठी झालेल्या कुंपणबंदीविरुद्ध तक्रारी झाल्या आणि १५१७ मध्ये कार्डिनल वूल्झी याने चौकशी आयोगही नेमला. मात्र या प्रक्रियेला खरा वेग आला तो अठराव्या शतकात, पार्लमेंटच्या कायद्यांमुळे. १६०४ ते १९१४ या काळात कुंपणबंदीची ५,२०० हून अधिक विधेयके संमत झाली आणि त्यांच्या कक्षेत सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. हे क्षेत्र इंग्लंडच्या एकूण भूमीच्या एक पंचमांशाहून थोडे अधिक भरते. संमती मोजताना माणसांची डोकी मोजली जात नसत; जमिनीचे मूल्य मोजले जाई. त्यामुळे दोन-तीन मोठे जमीनदार एकत्र आले की शेकडो लहान हक्कदारांचा विरोध निष्प्रभ ठरे.

या प्रक्रियेचे मूल्यमापन हा इंग्लंडच्या सामाजिक इतिहासातील जुना वाद आहे. जॉन आणि बार्बरा हॅमंड यांनी १९११ मध्ये कुंपणबंदीला ग्रामीण गरिबांची लूट ठरवले. चेंबर्स आणि मिंगे यांनी १९६६ मध्ये तिची बाजू घेऊन उत्पादनवाढ आणि रोजगार यांवर भर दिला. रॉबर्ट ॲलन यांनी १९९२ मध्ये दाखवले की उत्पादकतेतील वाढीचा मोठा भाग खुल्या शेतांतील शेतकऱ्यांनीच साधला होता आणि कुंपणबंदीचा लाभ प्रामुख्याने खंडाच्या रूपाने जमीनदारांना झाला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जे. एम. नीसन यांच्या ग्रंथाने सामाईक हक्कांवर जगणाऱ्या कुटुंबांचे चित्र उभे केले. एक गाय चारण्याचा, सरपण गोळा करण्याचा, कापणीनंतर सांडलेले धान्य वेचण्याचा हक्क कागदावर क्षुल्लक दिसतो. परंतु तोच हक्क कुटुंबाला मजुरीवर पूर्णपणे अवलंबून राहण्यापासून वाचवीत असे.

मग लॅक्स्टन का वाचले? ते पूर्णपणे वाचले नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. अठराव्या शतकात येथेही काही भागांची कुंपणबंदी झाली, पूर्वेकडचे शेत नाहीसे झाले आणि उरलेल्या शेतांचे क्षेत्रही आटले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पट्टे एकत्र करून त्यांची संख्या कमी करण्यात आली. आज तीन खुल्या शेतांखाली पाचशे एकरांहून थोडी कमी जमीन आहे.

उरलेला भाग टिकण्यामागे आदर्शवाद नव्हता. गावातील जमीन प्रामुख्याने दोन मोठ्या घराण्यांमध्ये विभागलेली होती आणि त्यांचे पट्टे एकमेकांत गुंतलेले होते. त्यांची अदलाबदल होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. तोवर शेतीच्या मंदीचा काळ जवळ येऊन ठेपला होता. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त गहू येऊ लागला, खंड उतरले आणि कुंपणे, रस्ते, नवी घरे यांवर पैसा घालणे जमीनदाराला परवडेनासे झाले. फायदेशीर होते तेव्हा कुंपणबंदी अडली आणि अडचण दूर झाली तेव्हा ती फायदेशीर राहिली नाही. इतिहासात अनेक गोष्टी अशा योगायोगाने टिकतात. परंतु योगायोगाने केवळ संधी मिळते. त्या संधीचा पुढे काय उपयोग होतो, हे माणसांवर अवलंबून असते.

पंच, न्यायसभा आणि दंड

लॅक्स्टनच्या व्यवस्थेचे हृदय म्हणजे ‘कोर्ट लीट’ नावाची मध्ययुगीन न्यायसभा. जमीनदाराच्या वतीने त्याचा कारभारी तिचे अध्यक्षस्थान भूषवितो. सभा दरवर्षी पंचांची नियुक्ती करते. नोव्हेंबरच्या अखेरच्या सुमारास, नव्याने गहू पेरलेल्या शेताची पाहणी हे पंच करतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीत बसून ते शेतात जातात, पट्ट्यांच्या सीमा तपासतात आणि आवश्यक तेथे लाकडी खुंट्या ठोकतात. कोणी रस्त्याचा किंवा साइकचा भाग नांगरला आहे काय, कोणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात सरकला आहे काय, चर नीट राखले आहेत काय, हे पाहिले जाते. नंतर गावातील ‘डव्हकोट इन’ या खानावळीवजा मद्यगृहात बसून पंच दंड ठरवतात. सुमारे आठवड्याने त्याच ठिकाणी न्यायसभा भरते, दंड जाहीर होतात आणि पुढील वर्षाच्या पंचांना शपथ दिली जाते. दरवर्षी एकाच शेताची पाहणी होत असल्यामुळे तीन वर्षांत सर्व शिवार पंचांच्या नजरेखालून जाते.

दंडाच्या रकमा मोठ्या नसतात. त्यांचे महत्त्व निराळ्या गोष्टीत आहे. दोषी ठरणारा आणि दोष काढणारा हे एकमेकांचे शेजारी असतात; आज पंच असलेला शेतकरी पुढील खेपेस स्वतःच दंडास पात्र ठरू शकतो. अतिक्रमण सगळ्या गावासमोर उघड होणे हीच खरी शिक्षा ठरते. नांगराच्या एका फेरीत वीतभर जमीन सरकली तर कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु पन्नास वर्षे असे घडत राहिले तर साइक आणि रस्ते नाहीसे होतील. वार्षिक पाहणी हा या मंद गतीच्या ऱ्हासावरील उपाय आहे.

१९७७ च्या कायद्याने इंग्लंडमधील जुन्या जमीनदारी न्यायसभांचे न्यायिक अधिकार संपुष्टात आणले. बहुतेक ठिकाणी अशा सभा केवळ समारंभापुरत्या उरल्या. लॅक्स्टनची सभा मात्र शेतांचे प्रत्यक्ष नियमन करीत राहिली. डेव्हन परगण्यातील ब्राँटन आणि लिंकनशायरमधील ॲक्सहोम येथेही विनाकुंपणाचे पट्टे पाहावयास मिळतात. परंतु पट्टे, पिकांचे चक्र आणि त्यांवर देखरेख करणारी न्यायसभा असे तिन्ही घटक एकत्र आढळतात ते लॅक्स्टनमध्येच.

सामाईकाच्या ‘शोकांतिके’चा प्रश्न

१९६८ मध्ये जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ‘द ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’ हा निबंध प्रसिद्ध केला. सर्वांसाठी खुले असलेले कुरण प्रत्येक जण जास्तीत जास्त जनावरे सोडून उद्ध्वस्त करतो, असे त्यांचे सूत्र होते. सामाईक साधनसंपत्तीचे खाजगीकरण करावे किंवा ती शासनाच्या ताब्यात द्यावी, असा निष्कर्ष त्यातून अनेकांनी काढला. लॅक्स्टनसारख्या गावाचा इतिहास या सूत्राच्या गृहीतकालाच छेद देतो. तेथील कुरण कधीही कोणासाठीही सरसकट खुले नव्हते. कोणी, किती जनावरे, कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत सोडावीत, याचे नियम होते. नियम मोडल्यास कोंडवाडा होता. आणि कोंडवाड्यामागे न्यायसभा होती. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात जगभरातील उदाहरणांवरून दाखवले की, निश्चित सीमा, वापरकर्त्यांनी स्वतः केलेले नियम, त्यांच्यातूनच नेमलेले निरीक्षक आणि चढत्या क्रमाचे सौम्य दंड असतील, तर सामाईक संपत्ती दीर्घकाळ टिकते. या कार्याबद्दल त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी सांगितलेल्या अटींची यादी हाती घेऊन लॅक्स्टनच्या शिवारातून फिरावे, तर बहुतेक अटी तेथे प्रत्यक्षात उतरलेल्या दिसतील.

तरीही लॅक्स्टनला समतेचे नंदनवन मानणे चुकीचे ठरेल. १६३५ च्या नोंदवहीत मोठे खंडकरी आहेत, लहान शेतकरी आहेत आणि केवळ झोपडीपुरती जागा असलेले लोकही आहेत. न्यायसभा जमीनदाराच्या नावाने भरे. सामूहिक नियमन आणि विषमता ही दोन्ही एकाच व्यवस्थेत नांदत होती.

मालकीचा प्रवास आणि आजची स्थिती

पिअरपाँट घराण्याच्या वारसांना पुढे अर्ल मॅनव्हर्स ही पदवी मिळाली. सहाव्या अर्लने १९५२ मध्ये लॅक्स्टन कृषी मंत्रालयाला विकले. करांचा बोजा वाढत असताना आपल्या पश्चात खुली शेते मोडली जाऊ नयेत, हा हेतू त्यामागे होता. १९८१ मध्ये ही मिळकत राजसंपत्तीची व्यवस्था पाहणाऱ्या ‘क्राउन इस्टेट’कडे, शेतपद्धती टिकवण्याच्या हमीसह गेली. २०१८ मध्ये तिने ती विकावयास काढली, तेव्हा गावात आणि अभ्यासकांत चिंता निर्माण झाली. अखेर २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने, म्हणजे जुन्या पिअरपाँट घराण्याच्या वारसांशी संबंधित संस्थेने, ती विकत घेतली. सुमारे सात दशकांनी मालकी जुन्या घराण्याकडे परतली.

या प्रवासातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट स्पष्ट होते. ज्या पद्धतीला आपण सामूहिक म्हणतो, तिचे अस्तित्व गेल्या काही शतकांत मालकाच्या इच्छेवर अवलंबून राहिले आहे. बहुतेक शेतकरी खंडकरी आहेत. खुल्या शेतांतील पट्टे त्यांना भाडेपट्ट्याने मिळतात. दुसरी अडचण आर्थिक आहे. यंत्रांच्या युगात लहान पट्टे कसणे सोयीचे नाही आणि खुल्या शेतांवर उदरनिर्वाह होत नाही. शेतकऱ्यांची मुख्य मिळकत कुंपणातील जमिनीतून आणि इतर उद्योगांतून येते. शेती करणाऱ्या कुटुंबांची संख्या घटली आहे. पंच नेमावयाचे तर शेतकरी हवेत, आणि शेतकरी राहावयाचे तर शेती परवडावयास हवी.

गाव पाहण्यास येणाऱ्यांसाठी माहिती केंद्र आणि पाऊलवाटा आहेत; वारसा म्हणून त्याला मान्यता आहे. परंतु किल्ल्याचा ढिगारा जतन करणे आणि न्यायसभा जतन करणे यांत मूलभूत फरक आहे. ढिगारा कोणी न राहताही उभा राहील. न्यायसभा मात्र दरवर्षी माणसांनी भरवली तरच असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, भूमिरचना हा इतिहासाचा एक दस्तऐवज आहे. लॅक्स्टनमधील घरांची रस्त्याशी असलेली रचना, कोंडवाडा, साइक आणि पट्टे यांवरून लिखित पुराव्याला पूरक, कधी कधी त्याहून जुनी माहिती मिळते. दुसरा असा की, एका खेड्याचा इतिहास त्याच्या शिवेवर संपत नाही. १६३५ चा नकाशा समजून घेण्यासाठी बार्बाडोस, गोवा आणि कारवार यांचा विचार करावा लागतो. तिसरा असा की, खुल्या शेतांचा ऱ्हास हा त्यांच्या अंगभूत दोषांचा अटळ परिणाम होता, हे मत लॅक्स्टनच्या उदाहरणावरून टिकत नाही. ती पद्धती कोठे मोडली आणि कोठे राहिली, हे मालकी, भांडवल आणि बाजारभाव यांनी ठरवले.

चौथा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सामाईक व्यवस्था एकदा स्थापन केली की आपोआप चालत नाही. सीमा पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात, शेजाऱ्याला दोष देण्याचा आणि त्याच्याकडून दोष ऐकून घेण्याचा संकोच बाजूला ठेवावा लागतो, आणि हे काम करणाऱ्यांना त्यातून जगता यावे लागते. लॅक्स्टनच्या पंचांनी शतकानुशतके हे केले. पुढील पिढीतील किती कुटुंबे ते करू शकतील, यावरच इंग्लंडमधील या शेवटच्या खुल्या शेतांचे भवितव्य अवलंबून आहे. लॅक्स्टनला भेट देणाऱ्या अभ्यासकाने नोव्हेंबरच्या थंडीत चिखलात खुंट्या ठोकणाऱ्या त्या दहा-पंधरा माणसांची नोंद नकाशाइतक्याच काळजीने घ्यावयास हवी.